चमचाभर विरजणाचा वारसा

मराठी भाषेने काही चांगल्या शब्दांवर नकळत अन्याय केला आहे. 'विरजण' हा त्यांपैकीच एक. उत्साहावर विरजण पडते, बेतावर विरजण पडते, सणाच्या आनंदावर विरजण पडते. म्हणजे जे फुलून येत होते ते आंबले, नासले, असा अर्थ रूढ झाला आहे. प्रत्यक्षात विरजण दुधाचा नाश करीत नाही. नासण्यापासून त्याला वाचवते. वैशाखाच्या उन्हाळ्यात काही तासांत फाटणारे दूध चमचाभर विरजणाच्या संगतीने दही होते, दह्याचे ताक होते, ताकावर लोणी येते आणि लोणी कढवून केलेले तूप महिनोन् महिने टिकते. शीतकपाट घरात येण्याच्या हजारो वर्षे आधी या उष्ण देशाने दुधाच्या प्रश्नाला शोधलेले ते उत्तर होते.

हे विरजण आज शहरी घरांतून हलकेच हद्दपार होत आहे. एके काळी रात्री स्वयंपाकघर आवरताना शेवटचे काम दही लावण्याचे असे. कधी विरजण संपलेच तर शेजारच्या घरी वाटी घेऊन जाण्यात संकोच नसे. आता त्या वाटीची जागा दुकानातल्या प्लॅस्टिकच्या डबीने घेतली आहे. नोकरीची धावपळ, लहान कुटुंबे, दारात येऊन पडणारा किराणा ही त्यामागची कारणे खरी आहेत आणि त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. मात्र या बदलात घराने काय गमावले, याचा हिशेब कोणी तरी मांडायला हवा. कारण गमावलेली गोष्ट केवळ एक खाद्यपदार्थ नाही. ती एक विद्या आहे आणि तिचा संबंध थेट घरातल्या प्रत्येकाच्या पोटाशी आहे.

पोटातले गोकुळ

माणसाच्या शरीरात जितक्या पेशी आहेत, जवळपास तितकेच जीवाणू त्याच्या देहात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, वस्तीला असतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित गणनेनुसार ही संख्या सुमारे ३८ लाख कोटी इतकी भरते. हे सारे शत्रू नव्हेत. अन्नातील जो तंतुमय भाग माणसाला पचवता येत नाही तो ते पचवतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात, आतड्याच्या अस्तराचे पोषण करणारी द्रव्ये निर्माण करतात आणि रोगप्रतिकारशक्तीला आपले कोण, परके कोण हे ओळखण्याचे शिक्षणही देतात. या वस्तीत जितकी विविधता, तितके आरोग्य बरे, असे आजचे विज्ञान सर्वसाधारणपणे मानते. प्रतिजैविकांचा अनावश्यक मारा, मैदा आणि साखरेने भरलेला आहार, भाज्या-कडधान्यांची टंचाई यांमुळे ही विविधता घटते.

आंबवलेल्या अन्नाचे महत्त्व येथे येते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ३६ निरोगी प्रौढांना दोन गटांत विभागून दहा आठवडे वेगवेगळा आहार देण्यात आला. ज्या गटाने दही आणि तत्सम आंबवलेले पदार्थ वाढवले, त्यांच्या आतड्यातील जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहसूचक प्रथिनांपैकी १९ प्रथिनांचे प्रमाण घटले. प्रयोग लहान होता. त्यावरून दही हे सर्व रोगांवरचे औषध आहे, असे म्हणता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

एक लाभ मात्र निर्विवाद आहे. अनेक भारतीय प्रौढांना दूध पचत नाही. पोट फुगते, गुडगुडते. दुधातील शर्करा पचवणारे पाचकद्रव्य त्यांच्या आतड्यात पुरेसे नसते. दही लागताना जीवाणू या शर्करेचा काही भाग स्वतःच पचवून त्याचे लॅक्टिक आम्ल करतात आणि उरलेला भाग पचवायला आतड्यात मदतही करतात. म्हणून ज्याला पेलाभर दूध सोसत नाही, त्यालाही वाटीभर दही बहुधा सोसते. दुधातील कॅल्शियम, प्रथिने आणि शाकाहारी माणसाला सहसा दुर्मीळ असणारे ब-१२ जीवनसत्त्व यांची त्याला अशी वाट मोकळी होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दह्यातील जीवाणू पोटात कायमचा संसार थाटत नाहीत. जठरातील आम्लातून जे वाचतात ते आतड्यात काही दिवसांचे पाहुणे असतात आणि मग निघून जातात. म्हणून महिन्यातून एकदा पाव किलो दही खाण्यापेक्षा रोजच्या पानात थोडे दही किंवा ताक असणे अधिक उपयोगाचे. पंगतीत शेवटचा भात ताकाचा असावा, ही आपल्याकडची रीत या दृष्टीने पाहिली म्हणजे तिच्यातील शहाणपण कळते.

अभिमान वाचेत, डबी शीतकपाटात

येथवर वाचून कोणीही स्वाभिमानी वाचक म्हणेल की, हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते. ते खरेही आहे. ऋग्वेदात दह्याचा उल्लेख आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत दह्याने संस्कारलेल्या आणि निम्मे पाणी घातलेल्या ताकाने संस्कारलेल्या पदार्थांची नावे कशी बनतात, यासाठी स्वतंत्र सूत्रे रचली. ज्या समाजात असे पदार्थ रोजच्या बोलण्यात नसतात, तेथे व्याकरणकाराला त्यांची दखल घ्यावी लागत नाही. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने पाण्याच्या व सायीच्या प्रमाणानुसार ताकाचे घोल, मथित, तक्र, उदश्वित आणि छच्छिका असे पाच प्रकार सांगितले. पंचामृतात दही आहे, गोपाळकाल्यात दही आहे, परीक्षेला वा प्रवासाला निघणाऱ्याच्या तळहातावर आजी ठेवते तेही दहीच आहे.

परंतु प्रश्न पूर्वजांना काय माहीत होते हा नसून, वंशजांना काय उरले आहे, हा आहे. पाश्चात्त्य जगात आंबट दुधाची महती पोहोचली ती विसाव्या शतकाच्या प्रारंभी. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या देशातील दह्यातला जीवाणू शोधला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याशी त्यांच्या दह्याचा संबंध जोडला, स्वतः रोज आंबट दूध घेण्याचा नेम धरला आणि १९०८ साली प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. त्याचे सर्व दावे पुढे टिकले नाहीत. पण त्या विचाराने प्रेरित होऊन १९१९ साली आयझॅक कारासो याने बार्सिलोना येथे दह्याचा कारखाना काढला आणि त्याचे दही प्रथम औषधांच्या दुकानांतून विकले गेले. आपला मुलगा डॅनियल याच्या लाडक्या नावावरून त्याने त्या मालाला दिलेले 'दानोन' हे नाव आज जगभर पसरलेल्या एका उद्योगसमूहाचे आहे.

त्यांनी विद्या घेतली, तपासली, मोजली आणि तिचा व्यापार उभा केला. आपल्या समाजाने ती घरोघरी जिवंत ठेवली होती. मात्र मोजली नाही आणि आता जपेनाशीही झाली. बौद्धिक वर्गात प्राचीन आहारशास्त्राचा गौरव करावा आणि घरी येऊन स्ट्रॉबेरीच्या चवीची, साखरेने गोड केलेली डबी उघडावी, ही आत्मविस्मृतीच होय. 'आमच्याकडे हे होतेच' या वाक्याने ऊर भरून येतो, पण पोटात काही जात नाही. परंपरेचा अभिमान ही बोलायची गोष्ट नाही, रोज रात्री लावायची गोष्ट आहे.

आयुर्वेदाचा सावध सल्ला

परंपरेचा आदर करायचा तर तिचे म्हणणे पूर्ण ऐकले पाहिजे. आयुर्वेदाने दह्याची सरसकट स्तुती केलेली नाही. चरकसंहितेने रात्री दही खाऊ नये, ते गरम करून खाऊ नये आणि तूप, साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांच्या जोडीवाचून खाऊ नये, असे बजावले आहे. शरद, ग्रीष्म आणि वसंत या ऋतूंत दही प्रायः वर्ज्य मानले आहे. अर्धवट विरजलेले दही तर सर्वांत दोषकारक ठरवले आहे. याउलट ताकाविषयी मात्र हे शास्त्र मोकळ्या हाताने बोलते. ग्रहणी आणि मूळव्याध या विकारांत ताक हे चरकाचे आवडते साधन आहे. मूळव्याधीसाठी त्याने तक्रारिष्ट सांगितले आहे. तरीही उन्हाळ्यात, रक्तपित्त, दाह किंवा भोवळ असताना ताकही टाळावे, हा इशारा आहेच.

आधुनिक आहारतज्ज्ञ आणि वैद्य यांचे सर्वच मुद्द्यांवर एकमत होणार नाही. ऋतूंविषयीचे नियम आजच्या प्रयोगशाळेने तपासलेले नाहीत. पण दोघांनाही मान्य होईल असा मध्यममार्ग मराठी घराला पूर्वीपासून माहीत आहे : दही लावावे, ते घुसळावे, आणि दुपारच्या जेवणात जिरे, सैंधव, किंचित हिंग घालून ताजे ताक घ्यावे. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने वा कर्करोगावरील उपचारांनी क्षीण झाली आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच जिवंत जीवाणू असलेले अन्न घ्यावे. तसेच ताकाची कढी हा रुचकर आणि पौष्टिक पदार्थ असला, तरी उकळीत जीवाणू मरतात. तेव्हा कढी खाऊन जिवंत विरजणाचे पुण्य मिळत नाही, हेही सांगायला हवे.

बाजार शत्रू नव्हे, पण मालकही नव्हे

येथे एक गैरसमज टाळायला हवा. विकतचे प्रत्येक दही वाईट आहे किंवा परदेशी आहे, असे मुळीच नाही. १९४६ साली आणंद येथे उभा राहिलेला शेतकऱ्यांचा दूधसंघ आणि १९७० साली सुरू झालेली दुग्धक्रांती हा स्वदेशीचाच तेजस्वी अध्याय आहे. त्याच बळावर भारत १९९८ पासून जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश आहे. २०२३-२४ मध्ये हे उत्पादन २३ कोटी ९० लाख टनांच्या वर गेले. सहकारी संघाच्या साध्या दह्याने शेतकऱ्याच्या घरी पैसा जातो. प्रवासात, आजारपणात, अडीअडचणीला ते जरूर आणावे.

आक्षेप आहे तो रंग, चव आणि साखर घालून, 'पोटासाठी उत्तम' असे लिहून मुलांपुढे मांडल्या जाणाऱ्या मालावर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. पाच टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक उत्तम. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील पाहणीने दाखवले. २०२४ मध्ये याच परिषदेच्या हैदराबाद येथील पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शिका काढताना म्हटले की, देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी निगडित आहे. अशा देशात मुलांना दह्याची ओळख गोड डबीतून होणे परवडणारे नाही.

प्रामाणिकपणे हेही मान्य करावे लागेल की, घरचे दही म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील 'प्रोबायोटिक' नव्हे. २००१ साली जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी त्या शब्दाची जी व्याख्या केली, तीनुसार ठरावीक जातीचे, पुरेशा संख्येतले आणि ज्यांचा लाभ सिद्ध झाला आहे असेच जीवाणू त्या नावाला पात्र ठरतात. कारखान्यातील योगर्ट दोन निवडक जीवाणूंनी ४२-४३ अंश तापमानाला लागते. घरच्या विरजणात अनेक जातींचा मेळा असतो, तो प्रत्येक घरी थोडा निराळा असतो आणि खोलीच्या तापमानाला वाढतो. त्याची हमी कोणी देत नाही. पण त्यात साखर नाही, रंग नाही, दूध कोणते हे घराला माहीत आहे आणि ते ताजे आहे. रोजच्या अन्नाला औषधाचा शिक्का लागत नाही. त्याला सातत्य लागते.

विद्या तशी सोपी

दही लावण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. दूध नीट उकळावे आणि कोमट होऊ द्यावे. स्वच्छ करंगळी बुडवली असता ऊब जाणवावी, चटका बसू नये. दूध फार गरम असेल तर विरजणातील जीवाणू मरतात, गार असेल तर ते जागे होत नाहीत. अर्धा लिटर दुधाला लहान चमचाभर ताजे, गोड विरजण पुरे. ते थोड्या दुधात मोडून सगळ्या दुधात नीट मिसळावे, भांडे झाकावे आणि हलवू नये. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागते. थंडीत आठ-दहा तास किंवा अधिक लागतात. तेव्हा भांडे जाड कापडात गुंडाळून कणकेच्या डब्यात ठेवण्याची युक्ती अजूनही उत्तम काम करते. मातीच्या भांड्यात पाणी झिरपते आणि कवडी दही मिळते. लागलेले दही लगेच गार ठिकाणी ठेवावे, नाही तर ते आंबट होत जाते.

विरजण जास्त घातले की दही लवकर आंबते आणि पाणी सुटते. दह्याला तार येऊ लागली तर त्या विरजणात नको असलेले जीवाणू शिरले आहेत असे समजून ते टाकावे आणि शेजारून नवे आणावे. मुळीच विरजण नसेल तर कोमट दुधात हिरव्या मिरचीची देठे घालण्याचा आजीबाईंचा उपाय आहे; देठावरील जीवाणूंमुळे पहिले दही कसेबसे लागते, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते सुधारते. यात गूढ काही नाही. दुधाची आम्लता वाढत वाढत एका मर्यादेला पोहोचली की त्यातील प्रथिने एकमेकांत गुंफली जाऊन दूध थिजते. घरातल्या मुलांना हे समजावून सांगावे. प्रयोगवहीत न मावणारे विज्ञान त्यांना स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिसेल.

आणि हे काम केवळ घरातल्या बाईचे नव्हे. नोकरी करून आलेल्या सुनेच्या डोक्यावर परंपरेच्या नावाने आणखी एक काम टाकायचे असेल, तर त्या परंपरेवर खरोखरच विरजण पडेल. जो पुरुष शिबिरात शेकडोंचा स्वयंपाक रांधू शकतो, त्याला घरी अर्धा लिटर दुधात चमचाभर विरजण घालणे जड जाऊ नये. आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. एक दिवस आजोबांचा, एक मुलाचा. कुटुंब प्रबोधनाचा हाही एक पाठ आहे.

ताकाला भांडे लपवू नये

मराठीत 'ताकाला जाऊन भांडे लपवणे' असा वाक्प्रचार आहे. ज्याच्या घरी दुभते, त्याच्या घरचे ताक शेजाऱ्यापाजाऱ्यांनी न्यावे, त्याचे पैसे घेऊ नयेत, या रिवाजातून तो आला. तूप विकता येई, ताक वाटायचे असे. गावाच्या अर्थव्यवस्थेतील ही एक सुंदर सोय होती. पण तिचे गुणगान करताना एक सत्य झाकता येणार नाही. ते ताक गावात सर्वांना सारख्या मानाने मिळत नव्हते. काहींना ते ओसरीवर मिळे, काहींना अंगणाबाहेर, भांडे खाली ठेवून आणि वरून धार धरून. ज्या समाजाने गोपाळकाल्यात सर्व सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवणाऱ्या कृष्णाची पूजा केली, त्याच समाजाने ताकाच्या धारेतही शिवाशीव पाळली. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता समूळ गेली पाहिजे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, ते या दुखण्यावर बोट ठेवूनच.

विरजणाची वाटी पुन्हा दारोदार फिरायची असेल तर ती सर्व दारांतून फिरली पाहिजे. इमारतीत कामाला येणाऱ्या बाईंच्या घरचे विरजण आपल्या घरी यावे, आपले त्यांच्या घरी जावे. काल्याचा अर्थ यापेक्षा वेगळा नाही. ज्यांच्या घरी रोज दूध येत नाही, अशांच्या मुलांपर्यंत वाटीभर ताक कसे पोहोचेल, याचा विचार वस्तीत काम करणाऱ्यांनी केला तर तो समरसतेचा आणि आरोग्याचा एकत्रित उपक्रम ठरेल.

विरजणाचा स्वभाव मोठा बोधप्रद आहे. ते थोडे असते, गाजावाजा करीत नाही, दुधावर सक्ती करीत नाही. योग्य ऊब मिळाली की रात्रभरात सगळे भांडे आपल्यासारखे करून टाकते. त्याची अट एकच : आजच्या दह्यातला चमचाभर भाग उद्यासाठी बाजूला काढून ठेवावा लागतो. तो विसरला की परंपरा तुटते, मग ती कितीही प्राचीन असो. घराघरांत आज रात्री दूध कोमट होत असेल, तेव्हा एवढे स्मरण पुरेसे आहे.